पंपावर बसणाऱ्याच्या गुडघ्याशी सुटणारी वाफ

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप चालवते. आठवड्याला आठ-नऊ केसेस होतात. मी गरोदर आहे, सध्या अकरावा आठवडा चालू आहे. पंपावर आयसोफ्लुरेन (भुलेची वाफ) सुरू केलं की थोड्या वेळाने उग्र वास येतो आणि केस संपेपर्यंत डोकं जड होतं. सर म्हणतात, ओटीत लॅमिनार फ्लो आणि हेपा फिल्टर आहे, काही होत नाही. बायोमेडिकलवाले म्हणतात, ऑक्सिजनेटरच्या (पंपावर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाच्या) एक्झॉस्टला वॉल सक्शन, म्हणजे भिंतीतली ओढणारी लाइन, जोडून देतो. मी काय करू? नोकरी सोडू का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नोकरी सोडू नका. आणि वॉल सक्शन काहीही झालं तरी थेट जोडू देऊ नका. ते का, हे पुढे सविस्तर लिहिते, कारण त्यात तुमच्याइतकाच टेबलावरच्या रुग्णाचाही जीव गुंतलेला आहे.

मी सत्तावीस वर्षं हृदयशस्त्रक्रियेसाठी भूल देते. हॅलोथेन हे जुनं भुलेचं औषध वापरात होतं तेव्हा मी स्वतः दिवस राहिलेले असताना ओटीत उभी राहिले आहे. मशीनची स्कॅव्हेंजिंगची, म्हणजे वाया जाणारी वाफ बाहेर नेणारी, नळी तेव्हा नुसती जमिनीवर लोंबत असायची. एक वयस्क सिस्टर मला रोज सांगायची, "मॅडम, दाराजवळच्या बाजूला उभ्या राहा." तिच्या मायेपलीकडे त्या काळात माझ्या हाताशी दुसरा उपाय नव्हता. आज उपाय आहेत, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

इतर ओटीत आणि हृदयाच्या ओटीत एक मोठा फरक आहे. इतरत्र भुलेची वाफ भुलेच्या मशीनमधून रुग्णाच्या फुप्फुसात जाते आणि त्याच बंद सर्किटमधून परत येते. गळती झाली तर ती डोक्याच्या बाजूला होते आणि तिथे आम्ही भूलतज्ज्ञ असतो. पण रुग्ण पंपावर गेला की फुप्फुसं थांबतात. भूल टिकवायला व्हेपोरायझर (द्रव औषधाची वाफ करणारं उपकरण) तुमच्या हार्ट-लंग मशीनवर, ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग) आणि ऑक्सिजनेटरच्या मधल्या गॅस लाइनवर बसतो. तिथून वाफ ऑक्सिजनेटरच्या पोकळ तंतूंमधून रक्तात उतरते आणि जी उरते ती एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडते. तो पोर्ट ऑक्सिजनेटरच्या तळाकडे असतो, म्हणजे तुम्ही स्टुलावर बसता तेव्हा जवळजवळ तुमच्या गुडघ्याशी. भुलेच्या मशीनचं स्कॅव्हेंजिंग कितीही उत्तम असलं तरी या वाफेशी त्याचा काही संबंध नसतो. तपासणीला येणारे लोकही डोक्याकडचं मशीन बघतात आणि समाधानाने जातात.

तर हेपा फिल्टरबद्दल. हेपा धूळ पकडतो, जंतू पकडतो. आयसोफ्लुरेनची वाफ म्हणजे सुटे रेणू. ते हेपातून आरपार जातात. तुमच्या तोंडावरच्या सर्जिकल मास्कमधून जातात आणि एन-९५ मधूनही जातात. वाफ अडवायला सक्रिय कोळसा लागतो. लॅमिनार फ्लोचा झोतही टेबलावर, जखमेवर पडतो. तुम्ही त्या झोताच्या कडेला किंवा बाहेर बसलेल्या असता.

ओटीत वाफ कमी करणारी गोष्ट एकच आणि ती म्हणजे बाहेरून आलेली ताजी हवा. एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ओटीला तासाला किमान २० एअर चेंज (खोलीभर हवा तितक्या वेळा बदलणं) सांगितले आहेत, पण त्यातले ताज्या हवेचे किमान ४. उरलेली हवा तीच, गाळून, थंड करून परत सोडलेली. जंतूंच्या दृष्टीने ती स्वच्छ असते. वाफेच्या दृष्टीने ती जशी गेली तशीच परत येते.

हे कागदावर मांडून बघू. समजा ओटी ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. म्हणजे १०८ घनमीटर, १,०८,००० लिटर हवा. तुमचा स्वीप, म्हणजे ऑक्सिजनेटरमधून जाणारा वायू, मिनिटाला ३ लिटर आणि व्हेपोरायझर १ टक्क्यावर. म्हणजे दर मिनिटाला ३० मिलिलिटर वाफ ऑक्सिजनेटरमध्ये जाते. सुरुवातीला रुग्णाचं शरीर त्यातली बरीच ओढून घेतं, पण शरीर भरत जातं तसतशी आत जाणारी बहुतेक वाफ बाहेरही येऊ लागते. ताज्या हवेचे ४ एअर चेंज म्हणजे मिनिटाला ७,२०० लिटर. त्यात ३० मिलिलिटर मिसळले तर खोलीची सरासरी ४ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४ भाग) थोडी वर जाऊन स्थिरावते आणि तिथे पोचायला पाऊण तास पुरतो. सगळे २० एअर चेंज ताज्या हवेचे असते तर हाच आकडा १ च्या आत राहिला असता. पण ही झाली सरासरी, सगळी हवा नीट ढवळली गेली असं धरून. पोर्टपासून दोन हातांवर बसलेल्या माणसाच्या नाकाशी आकडा याहून कितीतरी जास्त असू शकतो.

वाफ जड असते म्हणून खाली बसते, हे तुम्ही ऐकलं असेल. निव्वळ आयसोफ्लुरेनची वाफ हवेच्या सहापट जड असते हे खरं. पण एक्झॉस्टमधून येणाऱ्या वायूत ती जेमतेम १ टक्का असते, त्यामुळे हे मिश्रण हवेपेक्षा फार जड नसतं. एसीचा झोत नेईल तिकडे ते जातं. तेव्हा नुसतं स्टूल उंच करून फायदा होणार नाही.

किती म्हणजे जास्त? यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९७७ साली हॅलोथेनच्या जातीच्या वायूंसाठी २ पीपीएम ही कमाल मर्यादा सुचवली, तासाभराच्या आत घेतलेल्या नमुन्यासाठी. नायट्रस ऑक्साइड या भुलेच्या दुसऱ्या वायूसाठी २५ पीपीएम. सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही नंतरची औषधं तेव्हा वापरात नव्हतीच. निऑशची भूमिका अशी होती की निश्चित सुरक्षित पातळी दाखवता येत नाही, म्हणून मोजता येईल इतक्या खाली राहा. ब्रिटनमध्ये आयसोफ्लुरेनसाठी ८ तासांची सरासरी ५० पीपीएम चालते, हॅलोथेनसाठी १०. दोन देशांत पंचवीसपट फरक आहे. मी कुठला धरते? २. त्याच्या वर गेलं की अपाय होतोच असं नाही. पण नीट जोडलेल्या स्कॅव्हेंजिंगने २ च्या खाली राहणं शक्य असतं, आणि जे शक्य आहे ते पोटात बाळ असलेल्या बाईला नाकारायचं कारण मला दिसत नाही.

तुम्हाला वास येतो, ही गोष्ट हलकी घेऊ नका. वास जाणवायला लागेपर्यंत पातळी २ पीपीएमच्या बरीच पुढे गेलेली असते. आणि नाक थोड्याच वेळात सरावतं, त्यामुळे वास यायचा थांबला म्हणजे वाफ गेली असं नव्हे.

भीतीचा भाग आता. १९६७ साली रशियात वैसमन यांनी भूलतज्ज्ञांची पाहणी केली, त्यात ३१ गर्भधारणांपैकी १८ मध्ये गर्भपात झाल्याचं आलं. तिथून ही सगळी चर्चा पेटली. त्या काळी इथर वापरात होतं, स्कॅव्हेंजिंग नव्हतं, ड्युटीचे तास अफाट होते. नंतर अमेरिकेत, ब्रिटनमध्ये मोठ्या पाहण्या झाल्या. काहींत धोका थोडा वाढलेला दिसला, पण बऱ्याच पाहण्या बायकांना मागाहून आठवून लिहायला सांगून केलेल्या होत्या आणि जिला त्रास झाला तिला ते जास्त आठवतं. स्कॅव्हेंजिंग नीट चालणाऱ्या ओटीत काम केल्याने गर्भपात किंवा व्यंग वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. जिथे वायू मोकळा सुटतो तिथली गोष्ट निराळी. १९९२ साली अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांतल्या सहायक स्त्रियांवरचा अभ्यास आला. आठवड्याला ५ तास किंवा जास्त वेळ स्कॅव्हेंजिंगशिवाय नायट्रस ऑक्साइडमध्ये काम करणाऱ्यांना दिवस राहण्याची शक्यता निम्म्याहून कमी झालेली दिसली. स्कॅव्हेंजिंग होतं तिथे तसं दिसलं नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात कामाचा अभ्यास हाच. वायू वेगळा आहे, पण फरक कुठे पडतो ते त्यातून स्पष्ट दिसतं.

नायट्रस ऑक्साइड बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं. सुदैवाने हृदयाच्या ओटीत आम्ही तो सहसा वापरत नाही, कारण रक्तात चुकून शिरलेला हवेचा बुडबुडा तो फुगवतो. तुमची ड्युटी अधूनमधून दुसऱ्या ओटीत लागत असेल तर तिथे तो चालू असतो का हे मात्र विचारून घ्या आणि बी-१२ ची तपासणी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगून करून घ्या. अकरावा आठवडा म्हणजे अवयव घडण्याचा सगळ्यात नाजूक काळ बराचसा उलटला आहे. आजवर जे झालं त्याची रात्रंदिवस चिंता करू नका. पुढचे महिने आपल्या हातात आहेत.

वॉल सक्शन का नको, ते सांगते. ऑक्सिजनेटरच्या तंतूंच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला वायू. मधली भिंत पॉलीप्रॉपिलीनची, सूक्ष्म छिद्रांची. रक्ताच्या बाजूचा दाब वायूच्या बाजूपेक्षा नेहमी जास्त राहिला पाहिजे. भिंतीवरच्या सक्शनची ओढ शेकडो मिलिमीटर पाऱ्याची असते. ती थेट एक्झॉस्टला लावली तर तंतूंतून प्लाझ्मा ओढला जाऊ शकतो आणि तुम्ही ठरवलेल्या स्वीपला अर्थ राहत नाही. उलट ती नळी कुठे मुडपली, कुणाचा पाय पडला, ट्रॉलीचं चाक वर आलं, तर वायू आत कोंडतो, दाब उलटा होतो आणि बुडबुडे रक्तात शिरतात. शिवाय वॉल सक्शनने ओढलेला ऑक्सिजनयुक्त वायू सक्शनच्या मुख्य पंपात जातो. तो पंप तेलाचं वंगण असलेला असेल तर आगीचा धोका वेगळाच.

यासाठीच ऑक्सिजनेटर बनवणारे एक्झॉस्टजवळ बारीक जादा भोकं ठेवतात, मुख्य पोर्ट बंद झाला तरी वायूला वाट मिळावी म्हणून. एका हॉस्पिटलमध्ये मी काही महिने व्हिजिटिंग होते. तिथे एकदा प्राइमिंग (सर्किट द्रवाने भरणं) झाल्यावर सर्किट फिरवून बघताना आर्टेरियल फिल्टरमध्ये, म्हणजे रुग्णाकडे जाणाऱ्या लाइनवरच्या गाळणीत, बारीक फेस दिसायला लागला. आम्ही नळ्या तपासल्या, क्लॅम्प तपासले, फिल्टर ठोकून बघितला. फेस थांबेना. शेवटी परफ्युजनिस्ट गुडघ्यावर बसला, टॉर्च मारला, तेव्हा दिसलं की ती जादा भोकं कुणीतरी मायक्रोपोर टेपने नीट गुंडाळून बंद केली होती आणि एक्झॉस्टच्या नळीला खाली पीळ पडला होता. वास येतो म्हणून लावलेली टेप! ज्याने लावली त्याचा हेतू तुमच्यासारखाच होता, वाफेपासून वाचायचं. रुग्ण तेव्हा पंपावर गेलेला नव्हता. टेप काढली, पीळ सोडवला, पुन्हा सर्किटमधली हवा काढली आणि केस सुखरूप झाली. पण त्या फेसाची आठवण झाली की अजून माझे हात गार पडतात.

योग्य जोडणीत मध्ये उघडा दुवा असतो. एक्झॉस्टवर मोकळी बसणारी रुंद नळी, ती एका उघड्या डब्यात किंवा दोन्हीकडे भोकं असलेल्या रिसीव्हरमध्ये जाते आणि तिथून ओटीच्या छताला टांगलेल्या पेंडंटवरच्या एजीएसएसच्या (वाया जाणारा भुलेचा वायू बाहेर ओढून नेणाऱ्या यंत्रणेच्या) तोंडाला. एजीएसएसची ओढ हलकी, पण हवा भरपूर. ओढ वाढली तर उघड्या भोकांतून खोलीतली हवा आत येते, तंतूंपर्यंत ओढ पोचत नाही. ओढ बंद पडली तर त्याच भोकांतून वायू खोलीत सुटतो, कोंडत नाही. दोन्ही वेळेला रुग्ण सुरक्षित राहतो. भुलेच्या मशीनचं स्कॅव्हेंजिंग याच तत्त्वावर चालतं, त्यामुळे जुन्या मशीनचा रिसीव्हर बायोमेडिकलवाल्यांकडे असेल तर त्यांना हे समजवायला दहा मिनिटं पुरतील. बसवल्यावर केसआधीच्या चेकलिस्टमध्ये दोन ओळी टाका: भोकं उघडी, नळीला पीळ नाही. आणि एजीएसएसची हवा गच्चीवर कुठे सुटते तेही एकदा वर जाऊन बघा. एसीला ताजी हवा घेणारी जाळी तिथून लांब हवी, नाहीतर तीच वाफ वळसा घालून खाली येईल.

एजीएसएस नसेल तर सक्रिय कोळशाचा डबा चालतो. तो आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन शोषतो आणि शोषेल तसा जड होतो. वापरण्याआधी वजन लिहून ठेवा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाला पोचला की बदला. त्यामुळे एक्झॉस्टला अडथळा होत नाही ना, हे मात्र आधी बघायला हवं. नुसती लांब नळी लावून भिंतीतल्या परतीच्या जाळीपाशी सोडणं मी सुचवणार नाही. हवा पुन्हा फिरवणारा एसी असेल तर ती वाफ तुमच्याकडेच परत येते, आणि एएचयू (एसीची हवा फिरवणारं यंत्र) सामायिक असेल तर शेजारच्या ओटीतही.

आणखी काही जागा सांगते, ज्या सहज सुटून जातात. गॅस अॅनालायझर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर नमुना ओढतो आणि मागून तो खोलीत सोडतो. त्याचीही नळी स्कॅव्हेंजिंगला हवी. व्हेपोरायझर भरताना बाटली कलंडली तर १ मिलिलिटर द्रवाची जवळजवळ २०० मिलिलिटर वाफ होते. ५ मिलिलिटर सांडलं तर वर सांगितलेल्या आख्ख्या खोलीत ९ पीपीएमच्या आसपास. म्हणून भरणं केस सुरू व्हायच्या आधी, शक्यतो दुसऱ्या कुणाच्या हातून, आणि ऑक्सिजनेटरच्या वर धरून कधीही नाही. द्रव आयसोफ्लुरेन पॉलीकार्बोनेटच्या कवचावर पडलं तर कवचाला तडा जाऊ शकतो. लहान मुलांच्या केसेसमध्ये सेव्होफ्लुरेन मास्कने देऊन झोपवतात, तेव्हा मास्कच्या कडेने भरपूर वाफ सुटते. ती पाच-दहा मिनिटं तुम्ही आत नसलात तरी काही अडत नाही.

एक प्रश्न तुमच्या स्टोअरला विचारा: ऑक्सिजनेटरचे तंतू कशाचे आहेत? पॉलीमिथाइलपेंटीनचे असतील, म्हणजे एक्मोसाठी (अनेक दिवस चालणाऱ्या कृत्रिम हृदय-फुप्फुसाच्या यंत्रासाठी) वापरतात तसे, तर त्यांतून भुलेची वाफ रक्तात जवळजवळ जातच नाही. मग व्हेपोरायझर कितीही फिरवा, रुग्णाला भूल लागत नाही आणि सगळी वाफ तुमच्या वाट्याला येते. अशा ऑक्सिजनेटरवर भूल शिरेतूनच दिली पाहिजे.

यावरून तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलायचा मुद्दा निघतो. सोय होईपर्यंत तुमच्या केसेसमध्ये पंपावर असताना आयसोफ्लुरेनऐवजी प्रोपोफॉलचं इन्फ्युजन (शिरेतून सतत दिलेली भूल) द्याल का, असं त्यांना सरळ विचारा. ते कदाचित म्हणतील की वाफेने हृदयाचं रक्षण होतं. आम्हीही बरीच वर्षं तसं मानत होतो. २०१९ साली ५,४०० बायपास रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात वाफेच्या गटात २.८ टक्के रुग्ण दगावले, शिरेतल्या भुलेच्या गटात ३.० टक्के. हा फरक धरण्यासारखा नाही आणि चाचणी मध्येच थांबवली गेली. त्यांची दुसरी शंका मात्र रास्त असेल, की रुग्ण जागा तर होणार नाही ना. त्यासाठी बिस मॉनिटर (मेंदूच्या लहरींवरून भूल किती गाढ आहे ते दाखवणारा) लावा आणि इन्फ्युजनच्या लाइनवर लक्ष ठेवा. काही महिन्यांसाठी हा बदल करणं कुठल्याही भूलतज्ज्ञाला जड जाऊ नये. मी माझ्या टीममधल्या दोन मुलींसाठी केला आहे. बीटिंग हार्टच्या, म्हणजे हृदय चालू ठेवून पंपाशिवाय करायच्या, केसेस असतील त्या दिवशी तुम्ही स्टँडबाय असता, व्हेपोरायझर पंपावर चालूच नसतो. शक्य तिथे त्या याद्या मागून घ्या.

आणि मोजून घ्या. ओटीच्या मॉनिटरवर ०.० दिसतं म्हणून हवा स्वच्छ समजू नका. त्या आकड्याची सगळ्यात लहान पायरी ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम. त्यासाठी पीपीएम मोजणारा इन्फ्रारेड मीटर किंवा कॉलरला लावायचा बॅज लागतो. मोजणी रिकाम्या ओटीत नको. पंप चालू होऊन पाऊण तास झाल्यावर, तुम्ही बसता तिथे, तुमच्या नाकाच्या उंचीवर घ्यायला लावा. एक जोडणीच्या आधी, एक नंतर.

हे सगळं तोंडी न सांगता लेखी द्या: परफ्युजनच्या प्रमुखांना, भूलविभागाला आणि बायोमेडिकलला एकच पत्र. आपल्या गरोदरपणाबद्दल एक वाक्य पुरे. बाकीच्या पत्रात उघडा दुवा, जादा भोकं, बुडबुड्यांचा धोका आणि मोजणीची मागणी लिहा. वॉल सक्शनची सूचना आली होती आणि तुम्ही ती का नाकारली, हेही त्यात असू द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असताना कुणी ती परत काढणार नाही.